सड्यावरचं तान्हं

देवस्थळी साहेबांनी डाकबंगल्यातल्या जेवणाच्या टेबलावरून लोणच्याची बरणी उचलून खिडकीत ठेवली, टेबल पंच्याने पुसलं आणि नकाशा पसरला. त्याची कड सारखी गुंडाळली जात होती म्हणून मी तिच्यावर माझं पुस्तक ठेवलं. साहेबांनी ते न बघता उचलून मला परत दिलं आणि तिथे स्वतःचं कोपर टेकवलं.

"इथं," ते म्हणाले. "शेवडे, इथं भोक पाडायचं."

त्यांच्या बोटाखाली निळा पट्टा होता. चांगला रुंद, पूर्वेकडून पश्चिमेकडे पट्टी लावून काढावा तसा सरळ. त्याच्या मधोमध पेन्सिलीचा एक बारीक चौकोन होता. तो चौकोन म्हणजे कुंडवाडी : वीस-पंचवीस घरं, सुपारीची चार आगरं आणि गरम पाण्याचं एक कुंड. भोक पाडायचं म्हणजे नुसतं भोक नव्हे. यंत्रं यायची, रस्ता यायचा, पुढेमागे वीजघर यायचं. त्यासाठी ती सगळी जमीन सरकार ताब्यात घेणार होतं, आणि माणसांना दुसरीकडे नेऊन बसवणार होतं. शुक्रवारी प्रांतसाहेब शाळेत सभा घेऊन तसं जाहीर करणार होते. वाडीला त्याची कुणकुण आधीच लागली होती.

मी "बरं" म्हणालो. मला दुसरं काही सुचलं नाही. मला वेळेवर काही सुचत नाही, ही माझी जन्माची तक्रार आहे.

या गोष्टीला आता चाळीसेक वर्षं झाली. कुंडवाडी ज्या गावात येते त्याचं नाव मी इथे उन्हाडे असं ठेवलं आहे. खरं नाव वेगळं आहे. काम काय होतं ते थोडक्यात सांगतो. कोकणात सह्याद्रीच्या पायथ्याने गरम पाण्याच्या झऱ्यांची एक रांग गेली आहे. तेलाचे भाव चढल्यावर सरकारला या झऱ्यांची आठवण झाली. जमिनीखालच्या त्या उष्णतेवर वीज करता येईल का, हे आमच्या खात्याने शोधायचं होतं. चूल कुठे पेटली आहे ते वरून दिसत नाही. पण आपला काळा कातळ थोडासा लोहचुंबकासारखा असतो, आणि तो फार तापला किंवा गरम पाण्याने वर्षानुवर्षं कुजला, की त्याचं चुंबकत्व क्षीण होतं. म्हणून विमानाला चुंबकत्व मोजणारा मॅग्नेटोमीटर बांधायचा आणि शेतकरी नांगर फिरवतो तसं ते आभाळातून आडवं न्यायचं, थोडं दक्षिणेला सरकायचं, पुन्हा आडवं आणायचं. जिथे चुंबकत्व कमी भरेल तिथे नकाशावर निळा रंग.

यात एक मेख असते. सूर्यामुळे पृथ्वीचं चुंबकत्व दिवसभर कमीजास्त होत राहतं. विमानाला वाटतं खालची जमीन बदलली, आणि बदललेलं असतं आभाळ. म्हणून जमिनीवर एका ठिकाणी दुसरा मॅग्नेटोमीटर रोवून ठेवतात. तो जागचा हलत नाही. तेव्हा त्यात जो फरक दिसेल तो आभाळाचा, आणि तेवढा विमानाच्या आकड्यांतून वजा करायचा. तो जमिनीवरचा मॅग्नेटोमीटर सांभाळणारा माणूस म्हणजे मी. विमानात बसणाऱ्यांना गॉगल असत. मला छत्री होती, आणि तीही खांबापासून शंभर पावलं लांब ठेवावी लागे.

गावाच्या डोक्यावर कातळाचं मोकळं पठार होतं. तिकडे त्याला सडा म्हणतात. सड्यावर मी सागवानी खांब उभा केला होता, वाऱ्याने हलू नये म्हणून बुंध्याशी धोंडे रचले होते. रोज सकाळी जाऊन खांबावर मॅग्नेटोमीटरची डबी बसवायची, तिची तार करवंदीच्या जाळीला वळसा घालून लांबवरच्या तंबूत आणायची, आणि विमान परत जाईपर्यंत तिथे बसून कागदावर उमटणारी रेघ बघायची. दुपारी डबी काढून खाली न्यायची. खांबापाशी जाताना अंगावर लोखंडाचा कण चालत नसे. पट्टा, किल्ल्या, घड्याळ, सगळं मी तंबूत काढून ठेवत असे. चपलांना खिळे असतात म्हणून अनवाणी जात असे. माझ्या चष्म्याची काडी पितळेचीच आहे ना, हे मी रत्नागिरीला सोनाराकडे जाऊन तपासून आलो होतो.

हे सगळं आवडाकाकी धुमक लांबून बघत असे. ती कुंडवाडीची. भाजावळीसाठी कवळ तोडायला, म्हणजे शेतात जाळायच्या फांद्या आणायला, ती रोज सड्यावर येई. साठीची असेल, पण पाठीवर भारा घेऊन कातळावरून अशी उतरायची की मला बघूनच धाप लागे. मी सदान्कदा पुस्तक घेऊन बसतो म्हणून तिने मला मास्तर ठरवलं होतं. सरकारी माणूस म्हणून कुंडवाडीत मला कुणी पाणीसुद्धा विचारत नसे, आणि ते बरोबरच होतं. ही मात्र जाता-येता थांबून चौकशी करी. लग्न झालंय का, आई आहे का, आई आहे तर पोराला असं उन्हात का बसवते. मी एका शब्दात उत्तरं देई. बायकांशी बोलताना माझी जीभ टाळ्याला चिकटायची, मग त्या साठीच्या असोत की सहा वर्षांच्या.

एकदा तिने विचारलं, खांबावर बसवतोस ते काय, आणि त्याच्याकडे जाताना सोवळ्यात गेल्यासारखं सगळं उतरवून का जातोस. आता मॅग्नेटोमीटर कसा समजवायचा? मी म्हणालो, ते फार नाजूक असतं, काकी. तान्ह्या बाळासारखं जपावं लागतं. तिने मान डोलावली आणि भारा उचलून गेली. माणसाशी आपण नीट बोललो, असं मला त्या दिवशी वाटलं होतं.

तर मी "बरं" म्हणून नकाशाकडे बघत उभा राहिलो. काहीतरी खटकत होतं. त्या भागातले झरे, भेगा, सगळं सह्याद्रीला धरून उत्तर-दक्षिण जातं. हा पट्टा नेमका आडवा होता. विमानही आडवंच फिरलं होतं. आणि शेवटच्या काही दिवसांत, विमान कुंडवाडीवरून फिरत असताना, माझ्या जमिनीवरच्या डबीचा आकडा रोज थोडा चढा लागत होता. मी तेव्हा साहेबांना सांगितलं होतं, बहुतेक माझंच काही चुकत असेल. ते म्हणाले होते, आभाळाचे लहरी दिवस असतात, चढा असेल तर जास्त वजा करा. मी जास्त वजा केलं. आणि विमानाच्या आकड्यांतून नको तेवढं वजा झालं, तर जमीन क्षीण दिसणार, नकाशा निळा होणार.

हे सगळं मी साहेबांना सांगायला हवं होतं. मी एवढंच विचारलं, की उभ्या रेघा राहिल्यात ना आपल्या.

उभ्या रेघा म्हणजे पडताळा. आडव्या रेघा संपल्या की विमान त्यांना छेदत काही फेऱ्या उत्तर-दक्षिण न्यायचं. जिथे दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे दोन्हींचा आकडा सारखा यायला हवा. साहेब म्हणाले, विमानाला दुसऱ्या राज्यातून बोलावणं आलं आहे, इंजिनाच्या दुरुस्तीत आधीच दिवस गेलेत, आणि पट्टा इतका ठसठशीत असताना पडताळा कशाला. मग माझ्याकडे बघून जरा मऊपणे म्हणाले, "जेवून घ्या. तुम्हाला तुमच्या सावलीचीसुद्धा शंका येते."

ते खरंच होतं. म्हणून मी जेवून घेतलं.

सकाळी मला नेहमीपेक्षा फार लवकर जाग आली. काम संपलं होतं, खांब उपटून आणायचा तेवढा बाकी होता. डबी आणि तंबूतलं यंत्र बरोबर घेऊन मी सड्यावर गेलो. एकदा शेवटचं बघावं, माझं कुठे चुकलं ते सापडतंय का, असं मनात होतं. सड्यावर धुकं होतं. मी जाळीच्या आडोशाला यंत्र उतरवत होतो, तेवढ्यात कुंडवाडीच्या वाटेने आवडाकाकी वर आली.

तिने मला पाहिलं नाही. ती सरळ खांबापाशी गेली, उकिडवी बसली, बुंध्याचा एक धोंडा सरकवला, पदराखालून फडक्यात गुंडाळलेली कोयती काढली आणि ती त्या फटीत सरकवून धोंडा पुन्हा नीट लावला. मग उभी राहून खांबाच्या टोकावरून दोन्ही हात उतरवले आणि कानशिलांवर बोटं मोडली. कडाकड मोडली. मला जाळीपर्यंत ऐकू आलं.

"काकी," मी म्हणालो.

ती दचकली नाही. दुसऱ्याच्या मुलाला लपवून खाऊ देताना सापडावं तशी थोडी ओशाळली. मी विचारलं, हे कधीपासून. तिने सांगितलं ते असं : विमान लांबून जात होतं तोवर तिला काही वाटलं नाही. मग एक दिवस ते वाडीच्या अगदी जवळून गेलं, इतकं खालून की हंड्यातलं पाणी थरथरलं. आपल्याला एवढं, तर सड्यावर उघड्यावर असतं त्या तान्ह्याला केवढं, असं तिच्या मनात आलं. शिवाय सड्याच्या टोकाला म्हसोबा. तेव्हापासून मी यायच्या आधी ती कोयती ठेवून जायची, आणि मी दुपारी डबी घेऊन उतरलो की घेऊन जायची. दिवसभर कवळ बोथट कोयतीने तोडायची.

"धारेची इथं ठेवायची आणि कवळ बोथटीनं?" मी विचारलं. त्या क्षणी विचारायचा हा प्रश्न नव्हता, पण तोच तोंडातून आला.

"तान्ह्याला धारेचीच लागते," ती म्हणाली. "तूच बोल्लास ना, तान्ह्यावानी जपायला लागतं म्हणून? तान्ह्याच्या उशाला लोखंड नको?"

माझ्या भाचीच्या पाळण्यात माझ्या आईने अडकित्ता ठेवला होता. बाळंतिणीच्या उशाशी विळा, पाळण्यात चाकू, हे मी जन्मापासून बघत आलो होतो. मी पट्टा काढला, किल्ल्या काढल्या, चष्मा सोनाराला दाखवला; आणि तिने ते सगळं सोवळं समजून, त्यात राहिलेली एक उणीव भरून काढली होती.

मी तिला म्हणालो, काकी, याला लोखंड सोसत नाही.

तिने माझ्याकडे बघितलं. मग खांबाकडे बघितलं. मग दोन पावलं मागे सरली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "मास्तर, लोखंड कुणाला सोसत नाय, ते म्हायती हाय ना तुला?"

मी घाईघाईने सांगितलं की ते तसलं काही नाही. कातळाच्या पोटात जे बारीक लोखंड असतं, तेवढंच त्याला ऐकायचं असतं. उशाशीच कोयती असली की त्याला कोयतीच ऐकू येते. हे तिला कितपत पटलं कोण जाणे. पण ती लांब जाऊन बसली, आणि मी डबी बसवून तार जोडली. आधी कोयती असताना आकडा घेतला. मग कोयती काढून जाळीपलीकडे ठेवली आणि पुन्हा घेतला. मग परत आत सरकवून पाहिलं, परत काढून पाहिलं. दर वेळी फरक तोच होता, आणि तो साधारण तेवढाच होता जेवढा त्या दिवसांत आकडा चढा लागत होता.

म्हणजे कुंडवाडीखाली पेटलेली चूल बहुतेक आवडाकाकीची कोयती होती.

आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी मला भीती वाटली. कारण मागच्या महिन्यात कुंडवाडीच्या लोकांनी जमिनी जातील या धास्तीने आमची जीप अडवली होती. तिच्यासमोर घोंगड्या टाकून बसले होते. तेव्हा प्रांतांनी बजावलं होतं की पुन्हा असं झालं तर सरकारी कामात अडथळा म्हणून एकेकाला आत घालीन. आता मी जाऊन काय सांगणार? की विमान कुंडवाडीवरून फिरत होतं नेमक्या त्याच दिवसांत कुंडवाडीची एक बाई यंत्राखाली लोखंड ठेवत होती? पाळणा आणि अडकित्ता कोण ऐकून घेईल? आणि सांगितलं नाही तर शुक्रवारी वाडी जाणार होती.

मी तिला सांगितलं, हे कुणाजवळ बोलू नको.

"कुणाला सांगू? मी काय चोरी केलीय?" ती म्हणाली, आणि कोयती घेऊन कवळ तोडायला गेली. त्या दिवशी धारेची.

डाकबंगल्यावर आलो तेव्हा साहेब व्हरांड्यात खुंटीला आरसा टांगून दाढी करत होते. मी वाटेभर वाक्यं जुळवली होती. ती सगळी विसरलो. मी म्हणालो, नकाशा चुकलाय, कुंडवाडीखाली काही नाही, आकडे माझ्या बाजूने चुकलेत, खांबापाशी लोखंड राहिलं होतं.

"कुणाचं?" साहेबांनी आरशातूनच विचारलं.

"माझं. छत्री."

साहेबांचा हात थांबला.

"शेवडे, तुम्ही चष्म्याची काडी दाखवायला सोनाराकडे गेला होतात. तुम्ही खांबापाशी छत्री ठेवाल?"

मी चष्मा काढून पुसायला लागलो.

"आणि दुसरं. मोहीम सुरू झाल्यापासून तुम्ही रोज येऊन मला सांगता, साहेब, बहुतेक माझं चुकलं असेल. आज पहिल्यांदाच 'बहुतेक' नाही. तुमची चूक असती तर तुम्ही इतक्या खात्रीने बोलला नसतात." त्यांनी वस्तरा पुसून ठेवला. "कोण होतं?"

माणसाला खोटंसुद्धा नीट बोलता येऊ नये, याची मला तेव्हा फार लाज वाटली. मग मी सगळं सांगितलं. हंड्यातलं पाणी, म्हसोबा, धारेची कोयती, कडाकड मोडलेली बोटं. साहेब अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून खुर्चीत बसले. ते तापट होते. एकदा नकाशाची घडी चुकीची घातली म्हणून त्यांनी एका माणसाला जेवणावरून उठवलं होतं. मी आवाज चढायची वाट बघत होतो.

त्यांनी एवढंच विचारलं, ती कुंडवाडीचीच ना. मी हो म्हणालो.

"आपल्याच घराखाली चूल दाखवायला कोण कोयती ठेवेल?" ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "पण हे प्रांतांना पटवायला मला पावसाळा उजाडेल." मग ते उठले, तोंड धुतलं आणि म्हणाले की अहवालात 'केंद्राजवळ लोखंडी वस्तू आढळली' एवढं लिहायचं, कुणाची, हे शास्त्राला लागत नाही. मात्र नुसत्या एका कोयतीवर ते वाडी सोडणार नव्हते आणि धरणारही नव्हते. पट्टा कोयतीचा की खरा, हे फक्त उभ्या रेघा सांगणार होत्या. कदाचित कोयतीही होती आणि चूलही होती, हे त्यांनी मला बोलून दाखवलं. ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्यानंतर दुसरं काही आलं नाही.

पोस्टात जाऊन त्यांनी धावपट्टीवर ट्रंक कॉल लावला. सुरुवातीला त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता, मग येईनासा झाला. ते विनवणी करत असावेत. बाहेर आल्यावर म्हणाले, गुरुवारी सकाळी विमान चार उभ्या रेघा मारेल, आकडे धावपट्टीवर उतरवेल आणि मग पुढे जाईल. पायलटला एक करंडी हापूस कबूल केलाय, तो तुम्ही पोचवायचा.

गुरुवारी मी सड्यावर गेलो तेव्हा आवडाकाकी आधीच येऊन बसली होती, खांबापासून चांगली लांब, कातळाच्या कडेला. कवळ तोडायचा दिवस असूनही हात मोकळे होते. मी जवळून गेलो तेव्हा दिसलं, तिने चोळीची पिन काढून ठेवली होती आणि कडी-कुलपाची किल्लीही गळ्यात नव्हती. पदर एका मुठीत घट्ट धरून बसली होती. तिला मी बोलावलं नव्हतं. भोक, पट्टा, शुक्रवार यांतलं काय काय तिला कळलं होतं, हे मी कधी विचारलं नाही. ती तान्ह्यासाठी आली होती एवढं मला दिसत होतं.

विमान आलं. उत्तरेकडून दक्षिणेकडे, मग परत. मी रेघेवरून नजर काढली नाही. शेवटच्या फेरीला पायलटने पंख जरा हलवले आणि विमान डोंगरापलीकडे गेलं. खाली येताना आवडाकाकीने एकच विचारलं, आज बरं होतं ना त्याचं. मी म्हणालो, बरं होतं.

आकडे त्याच दिवशी दुपारी धावपट्टीवरून एका माणसाबरोबर आले. आम्ही दोघं टेबलाशी बसलो. साहेब एकेका छेदाचा आकडा वाचत होते, मी वजाबाकी करत होतो. पहिल्या काही छेदांवर, उत्तरेकडे, आडवी आणि उभी रेघ अगदी जुळली. मग पट्ट्याची कड आली. तिथे फरक पडला. पुढच्या छेदावर तेवढाच फरक. त्याच्या पुढच्यावरही तेवढाच. कुठे रतीभर कमी, कुठे जास्त, पण पट्टाभर तोच, कोयतीएवढा. पट्टा संपला तिथेच नकाशाही संपला, कारण शेवटच्या दिवसापर्यंत कोयती खांबाशी होतीच. मी वजाबाकी मोठ्याने सांगत होतो. शेवटी कागद साहेबांपुढे सरकवला.

त्यांनी खोडरबर घेतलं आणि निळा पट्टा पुसायला लागले. रंग नीट जाईना, कागद जरा फाटला. पट्टा गेल्यावर नकाशाच्या पूर्वेला एक फिकट, उत्तर-दक्षिण लांबट डाग उरला, जो आधी त्या निळ्याखाली दिसतच नव्हता. तिथे मोकळा कातळ होता. घर नाही, झाड नाही. साहेबांनी त्यावर बोट ठेवलं, पण ते "इथं" म्हणाले नाहीत. "इथं असेल," म्हणाले. "बहुतेक."

पुढे तिथे भोक पाडलं गेलं आणि गरम पाणी लागलं. वीज व्हावी इतकं गरम नाही. पण ते मी बदलून गेल्यावरचं.

शुक्रवारी शाळेत सभा भरली. कुंडवाडीची सगळी माणसं आली होती आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, सगळ्यांचे चेहरे असे की कुणाच्या तरी तेराव्याला बसलेत. मी मागे, दाराजवळच्या बाकावर. प्रांतसाहेब घड्याळ बघून दोन शब्द बोलले आणि त्यांनी देवस्थळी साहेबांना पुढे केलं. साहेबांनी सांगितलं की कुंडवाडीखाली काही सापडलेलं नाही, वाडीच्या जमिनीला हात लागणार नाही, भोक पाडायचंच झालं तर ते पूर्वेच्या कातळावर.

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग पुरुषांच्या बाजूने एक हुंकार आला, आणि बायकांतली एक सून तोंडात पदर कोंबून रडायला लागली. एक म्हातारा उठून बाहेर गेला आणि पायरीवर बसून विडी पेटवायला लागला. त्याच्या काड्या विझत होत्या.

तेवढ्यात आवडाकाकी उभी राहिली.

"मग आधी इथंच हाय असं कशाला बोल्लात?" तिने विचारलं.

प्रांतसाहेबांनी वर बघितलं. मला वाटलं आता सगळं बाहेर येणार. साहेब जागचे हलले नाहीत.

"हिशोब चुकला होता, काकी," ते म्हणाले.

"एवढं इमान फिरवलंत, एवढी माणसं आणलीत, आणि हिशोब चुकला?" ती बोलतच सुटली. इथं माणसांना अन्न गोड लागेना, सुनेला दिवस गेलेत ती रात्र रात्र जागी, आगरात शिंपणं केलं नाही की कुणासाठी करायचं, आणि तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हाला बेरीज-वजाबाकी धड येऊ नये? साहेब हात पुढे बांधून, मान खाली घालून ऐकत होते. फक्त एकदा त्यांनी मान थोडी वळवून माझ्याकडे बघितलं. मिशीचं टोक हललं होतं.

आणि मला हसू फुटलं. दाबायला गेलो तर जास्तच फुटलं. साऱ्या सभेने वळून माझ्याकडे बघितलं.

"तू हसतोस काय, मास्तर?" आवडाकाकी म्हणाली. "तू बी त्यांच्यातलाच ना?"

मी उभा राहिलो.

"हो काकी," मी मोठ्याने म्हणालो, "माझंच चुकलं."

भरसभेत उभं राहून बोललेलं माझ्या आयुष्यातलं ते पहिलं वाक्य. आणि ते खोटं होतं.